मदत हवी आहे: एक्सआरडीच्या ९६ कॉलमांचे पीक (ग्राफवरची शिखरं) एकदम कसे काढायचे?

राख_संशोधक
फ्लाय अ‍ॅशचा (वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचा) एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा डेटा आहे, एका शीटमध्ये ९६ कॉलम, एकेका नमुन्याचा एकेक. प्रत्येकातले पीक, त्यांची पोझिशन आणि हाइट एका टेबलात पाहिजे. पीक अ‍ॅनलायझर एकेका कॉलमवर चालवून राहिलो, असं तर महिना जाईल. गाइडला सोमवारी टेबल दाखवायचं आहे. लवकर सांगा.

धरमपेठची_ताई
ओरिजिन, ते ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर म्हणताय ना? साधं की प्रो? एक्स सगळ्यांना एकच की वेगवेगळा?

राख_संशोधक
प्रो. एक्स एकच.

धरमपेठची_ताई
मग एका कॉलमवर बेसलाइनपासून सगळं नीट बसवा आणि थीम (सेटिंगचा संच) म्हणून सेव्ह करा. पीक्स अँड बेसलाइन मेनूत 'बॅच पीक अ‍ॅनालिसिस युझिंग थीम' आहे. सगळे वाय कॉलम निवडून ती थीम द्या.

बर्डी_पायथन
कशाला एवढं क्लिक करता? पायथनमधल्या स्कायपायचं फाइंड_पीक्स फुकट आहे. ९६ कॉलमांवर लूप लावा, प्रॉमिनन्स (पीक आजूबाजूपेक्षा किती उठून दिसतो) द्या, झालं.

धरमपेठची_ताई
भाऊ, त्यांना सोमवारी दाखवायचं आहे. आता पायथन शिकवता का?

जुना_जाणता
क्रिस्टलाइट साइझ (स्फटिककणांचा आकार) काढताना शेररच्या सूत्रात पीकची रुंदी रेडियनमध्येच घाला. यंत्रामुळे येणारी रुंदी आधी काढून टाका. बरेच जण तसंच छापतात.

राख_संशोधक
सर, साइझ काढायचाच नाही.
ताई, थीम चालली, पण म्युलाइटचा (राखेतलं एक खनिज) १६.४ अंशाचा पीक अर्ध्या कॉलमांत गायब आहे. ग्राफवर तर दिसतो!

धरमपेठची_ताई
थ्रेशोल्ड हाइट बघा, मुळात २० टक्के असते. ती त्या-त्या कॉलमच्या सर्वांत उंच पीकवर मोजतात. राखेतलं दुसरं खनिज, क्वार्ट्झ, भरपूर असलं की २६.६ चा पीक उंच जातो आणि बारके सगळे गळतात. ३-४ टक्क्यांवर आणा.

खापरखेडा_रोड
राख कोराडीच्या वीजकेंद्राची का खापरखेड्याच्या? आम्ही त्याच बाजूला राहतो. काय निघालं ते इथे नक्की टाका.

बर्डी_पायथन
२६.३ चा म्युलाइट सापडला का? तो क्वार्ट्झला चिकटून असतो. स्टेप, म्हणजे दोन पॉइंटांतलं अंतर, किती आहे?

राख_संशोधक
०.०२. नाही सापडला, नुसता खांदा दिसतो.

बर्डी_पायथन
दोघांत फक्त १५-१८ पॉइंट आहेत. स्मूदिंगची विंडो मोठी ठेवली तर खांदाही पुसला जाईल.

धरमपेठची_ताई
हे पटलं. आणि लोकल मॅक्सिमम पद्धतीला खांदा सापडतच नाही. पद्धत सेकंड डेरिव्हेटिव्ह करा, थीम पुन्हा सेव्ह करा.

राख_संशोधक
आला! पण आता टेबलात पीक नंबर ४ एका नमुन्यात क्वार्ट्झ, दुसऱ्यात म्युलाइट. रांगा जुळत नाहीत.

बर्डी_पायथन
नंबरावर जाऊच नका, अंशांचे पट्टे पाडा. १६.२ ते १६.६ म्युलाइट, २०.७ ते २१ क्वार्ट्झ. पट्ट्यात पीक नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य भरू नका, सरासरी बिघडते. हे एक्सेलमध्येही होतं.