अम्चिटकाची बोट आणि ‘लाइव्ह अर्थ’
कलाकारांच्या मदतनिधी मैफलींनी पर्यावरणाचे भले होत नाही, उलट विमानांचा धूरच वाढतो, हे मत ७ जुलै २००७ च्या ‘लाइव्ह अर्थ’ला बरेचसे लागू पडते, अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने अनेक खंडांत एकाच दिवशी झालेल्या त्या मैफलींचा हेतूच ‘जागृती’ असा ऐसपैस होता, आणि जागृतीचा हिशेब कोणी कोणाकडे मागायचा?

मात्र १६ ऑक्टोबर १९७० रोजी व्हँकुव्हरमध्ये जोनी मिचेल, जेम्स टेलर आणि फिल ऑक्स गायले, तेव्हा गरज एका बोटीपुरती होती: अलास्काच्या अम्चिटका बेटावरील अमेरिकी अणुचाचणीच्या निषेधार्थ तिथवर जायचे. त्या मैफलीच्या पैशांच्या आधारावर ‘फिलिस कॉर्मॅक’ ही मासेमारीची जुनी बोट सप्टेंबर १९७१ मध्ये निघाली. अमेरिकी तटरक्षक दलाने तिला अडवले, बेट काही तिने गाठले नाही, नोव्हेंबरमध्ये स्फोटही झालाच. पण त्यानंतर तिथे एकही चाचणी झाली नाही आणि याच खटाटोपातून ग्रीनपीस ही पर्यावरणवादी संघटना उभी राहिली. सगळे श्रेय गाण्यांचे नव्हे, कॅनडात निदर्शने आधीपासूनच चालू होती. बोटीच्या खर्चाची सोय मात्र त्या संध्याकाळच्या तिकीटविक्रीने केली.