शब्दचर्चा : ‘नैसर्गिक उत्पादन’ की ‘जिवाणुजन्य संयुग’?

‘नॅचरल प्रॉडक्ट’ या रसायनशास्त्रातील संज्ञेसाठी मराठीत सर्रास ‘नैसर्गिक उत्पादन’ असे लिहिले जाते आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हटकून कोरफडीचा साबण येतो. रसायनशास्त्रज्ञाला मात्र सजीवाच्या पेशीत घडलेले संयुग अभिप्रेत असते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मृद्गंधातील जिओस्मिन हे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी तयार केलेले असेच एक संयुग. त्याला ‘उत्पादन’ म्हणणे कानाला खटकते, कारण या शब्दाला मराठीत शेत आणि कारखाना चिकटलेले आहेत. म्हणून उगम सांगायचा असेल तेथे ‘जिवाणुजन्य संयुग’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

मग सरळ ‘प्रतिजैविक’ का म्हणू नये? कारण तो शब्द उगम सांगत नाही, काम सांगतो. १९४३ मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जिवाणूच्या रायबोसोमला चिकटते आणि त्याची प्रथिने बनवण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे तेथे तो चपखल बसतो. पण स्ट्रेप्टोमायसिस याच प्रजातीतील (जीनस) दुसऱ्या जिवाणूपासून मिळणारे डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या शिडीसारख्या रेणूतील पायऱ्यांमध्ये शिरते आणि कर्करोगावर वापरले जाते. तर ईस्टर बेटावरील मातीतून मिळालेले रॅपामायसिन आज मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून देतात. याला कोणी ‘प्रतिजैविक’ म्हटले, तर पाच दिवसांचा कोर्स संपला असे समजून रुग्ण गोळ्या थांबवायचा!

‘जिवाणूनाशक’ हा पर्याय तर आणखी तोकडा आहे. टेट्रासायक्लीन जिवाणूंना सहसा मारत नाही, त्यांची वाढ रोखते. पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिन जिवाणूपासून मिळते खरे, पण चालते बुरशीवर. (त्या जिवाणूच्या जातीचे नावच ‘पिंप्रिना’ आहे, हे मराठी वाचकाला सांगितलेच पाहिजे.) ‘प्रतिजैविक’ मात्र आता रुळलेला शब्द आहे, ‘जैविक शेती’मुळे ‘जैविक’ला निराळा अर्थ चिकटला असला, तरी तेवढ्यासाठी तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

‘मायसिन’ या शेपटाविषयीही थोडे सांगतो. ग्रीकमधील बुरशीवाचक शब्दावरून ते आले, कारण स्ट्रेप्टोमायसिस बुरशीसारखे तंतू धरून वाढतात. मायक्रोमोनोस्पोरा या प्रजातीपासून मिळालेल्या जेंटामायसिनच्या इंग्रजी नावात त्या ठिकाणी ‘वाय’ऐवजी ‘आय’ हे अक्षर मुद्दाम घातलेले आहे, म्हणजे केवळ स्पेलिंगवरून कूळ ओळखता येते. देवनागरीत आपण उच्चाराप्रमाणे लिहीत असल्याने ही खूण पुसली जाते, तेव्हा लेखात उगम महत्त्वाचा असेल, तर औषधाच्या नावावर न विसंबता जिवाणूची प्रजाती वाक्यात वेगळी नोंदवावी लागते.