पाणी समितीत निम्म्या बायका, पण ठरवतं कोण?

घागर:
गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या. मीही सदस्य आहे. पण बैठक सकाळी, नेमकी पाणी भरायच्या वेळी. निरोप नवऱ्याच्या फोनवर येतो, सहीची वही मात्र माझ्यासाठी घरी. परवा नळकोंडाळ्याची जागा ठरली, ती पुरुषमंडळी जिथे बसतात त्याच्यासमोर! तिथे धुणं घेऊन कोण बसणार? बोलले तर म्हणे, "वहिनी, तांत्रिक विषय आहे." हंडा उचलताना कुणाला तो तांत्रिक वाटत नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_पाइप:
ताई, घरी आलेल्या वहीवर सही करू नका, बाकीचं नंतर. बैठकीची वेळ आणि किमान किती महिला हजर हव्यात, हे ठरावातच लिहून घ्या. समितीच्या बँक खात्यावर दोन सह्या असतील तर एक बाईची हवी. पैशाचा कागद फिरला की माणसं विचारायला येतात.
कोंडाळ्याचं काम मी आयुष्यभर केलंय. वीस लिटर म्हणजे वीस किलो, वर भांड्याचं वजन. हंडा डोक्यावर घ्यायच्या आधी टेकवायला कमरेएवढा कट्टा लागतो. नकाशात तो क्वचितच असतो, कारण काढणाऱ्याने हंडा उचललेला नसतो.

स्पष्टवक्ता:
बाई पदावर बसली तरी कारभार नवराच बघतो. कशाला एवढा आटापिटा?

आडवाट:
सगळीकडे तसं नाही हो. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा 2004चा अभ्यास आहे, पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. पाणी व्यवस्थापनात स्त्रियांची भूमिका मध्यवर्ती आहे, हे तर पाण्यावरच्या 1992च्या आंतरराष्ट्रीय डब्लिन परिषदेतच मांडलं गेलं. कागद जुना आहे, वहिवाट त्याहून जुनी.

घागर:
जुना_पाइप, कट्ट्याचं लिहून घेतलं. नवी जागा आम्ही बायकाच पायी फिरून सुचवू. कालव्याच्या पाणीवाटप संस्थेचं काय? गुरांचं, परसातल्या भाजीचं पाणी मीच बघते, पण तिथे मला बसूही देत नाहीत.

जुना_पाइप:
तिथली गाठ वेगळी. बहुतेक ठिकाणी जमीन ज्याच्या नावावर, तोच सभासद. त्यामुळे बाई शेतात राबते आणि पाण्याच्या पाळीचा वाद पुरुष मिटवतात. जमिनीला तुमचं नाव लागलंय का, ते आधी बघा. नसेल तर घरातच बोलावं लागेल, आणि ती बैठक गावच्या बैठकीपेक्षा अवघड जाते.