सांगलीत गाडीचा विमा: कमी प्रीमियम, पण क्लेमच्या वेळी दाद देणारी कंपनी कशी ओळखावी?

गावभागकर:
माझी ११९७ सीसीची पेट्रोल गाडी सहाव्या वर्षात आहे आणि विम्याची मुदत पुढील महिन्यात संपते. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. शोरूमने सांगितलेला प्रीमियम आणि ऑनलाइन दिसणारा सर्वांत स्वस्त प्रीमियम यांत जवळपास चार हजार रुपयांचा फरक आहे. पैसे वाचले तर हवेच आहेत. परंतु आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने त्यांना आठवडाभर एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरवले, हे डोळ्यांसमोर आहे. सेवा चांगली आहे की नाही, हे पॉलिसी घेण्यापूर्वी कसे कळावे?

विश्रामबाग:
आधी फरक कुठून आला ते पाहा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो जीएसटी वगळून ३,४१६ रुपये होता आणि कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी तो सारखाच असतो. म्हणजे चार हजारांची सगळी तफावत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आहे. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या घसाऱ्याने निघते, त्यानंतर मात्र ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि प्रीमियम स्वस्त दाखवण्याची पहिली जागा नेमकी तीच असते. गाडी चोरीला गेली, तर हातात तेवढीच रक्कम पडेल. पाच वर्षे क्लेम नसल्यामुळे आपल्याला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल त्या भागाच्या प्रीमियमवरची सवलत, मिळायला हवा. दोन्ही कोटेशनमध्ये तो धरला आहे का, हेही तपासा.

सांगलवाडी:
आपल्या गावात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०१९ च्या महापुरात आमची गाडी अंगणात बुडाली होती. पाणी ओसरल्यावर धाकट्या भावाने उत्साहाने किल्ली फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याने पुढचे काम केले. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असल्यामुळे सीट आणि वायरिंगचे पैसे मिळाले, पण इंजिनाचा खर्च, तेव्हा इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर घेतलेले नसल्याने, आमच्याच खिशातून गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही आपण प्रीमियमचे पाच-सातशे रुपये वाचवायला हेच कव्हर काढून टाकतो. पाण्यात राहिलेली गाडी चालू न करता फोटो काढून, कंपनीला कळवून, टो करूनच हलवावी.

मिरजकर (क्लेमच्या कामातून निवृत्त):
सेवेबद्दल विचारायचे तर गॅरेजमध्ये विचारा. आपण गाडी जेथे दुरुस्त कराल, तेथील बॉडी शॉपच्या सुपरवायझरला दोन प्रश्न विचारले की पुरे: या कंपनीचे कॅशलेस (बिल कंपनीने थेट गॅरेजला देणे) येथे चालते का, आणि नुकसान पाहणारा सर्व्हेअर येऊन मंजुरी मिळेपर्यंत किती दिवस लागतात? त्यांचे पैसे त्याच मंजुरीवर अडकलेले असल्यामुळे सहसा खरे उत्तर मिळते.

ऑनलाइन स्वस्त म्हणजे सेवा वाईट, असे मात्र समजू नये. मी दोन्ही प्रकारच्या कंपन्यांच्या फायली पाहिल्या आहेत. ग्राहकाचा बराचसा राग न वाचलेल्या अटींवरचा असतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कव्हर, नसेल, तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि ते बिल भरताना समजते. कंपनीने खरोखरच दाद दिली नाही, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर, आणि तरीही न सुटल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे, तेथे शुल्क लागत नाही.

गावभागकर:
सर्वांचे आभार. तपासले असता ऑनलाइन कोटेशनमध्ये आयडीव्ही सत्तर हजारांनी कमी होती आणि इंजिन प्रोटेक्शन नव्हते. दोन्ही सारखे केल्यावर फरक अकराशे रुपयांवर आला. ऑनलाइन कंपनीचे कॅशलेस आमच्या गॅरेजमध्ये चालते, त्यामुळे तीच घेईन असे वाटते. कंपनी बदलल्यास बोनस जातो का?

विश्रामबाग:
नाही. बोनस मालकाचा असतो, कंपनीचा नव्हे. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले तर तो जातो, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी मागे लागते. त्यामुळे आठवडाभर आधीच नूतनीकरण करावे.