चढणीच्या माशांना भिंत लहान की मोठी, याने फरक पडत नाही

"लहान जलविद्युत प्रकल्पात जलाशय नसतो, मग माशांना कसला त्रास?" असं एकांनी विचारलंय. मासा अडतो तो भिंतीमुळे. पाऊस सुरू झाला की महासीरसारखे मासे अंडी घालायला खडी-वाळूच्या उथळ, वाहत्या पाण्याकडे वर चढतात. आपल्या पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काढतात, त्यामुळे निदान ऐन हंगामात वाट मोकळी होते. विजेसाठी बांधलेली पक्की भिंत बाराही महिने तशीच उभी.

त्यात पाणी कालव्याने किंवा पाइपाने वळवून खाली वीजघरात नेलं, की मधला नदीचा पट्टा उन्हाळ्यात कोरडा पडतो. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडलं-थांबवलं तर काठावरची अंडी उघडी पडतात. शिवाय एकाच नदीवर असे चार प्रकल्प आले, तर तो एकत्रित परिणाम मोजतं कोण? केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत २५ मेगावॉटखालच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच लागत नाही. मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. मत्स्यमार्ग (माशांना भिंत ओलांडून जाण्यासाठी बांधलेली वाट) हवेतच, पण सॅमनसारख्या उड्या मारणाऱ्या माशांचा आराखडा इथे उचलून चालणार नाही. तो आपल्या माशांच्या पोहण्याप्रमाणे बेतायला हवा.