सागासोबत काय लावू? मिश्र लागवडीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची दीड एकर वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन आहे. अर्ध्या एकरावर काकांनी बारा वर्षांपूर्वी नुसता साग लावला, दोन-दोन मीटरवर, पाचशेक रोपं. दरवर्षी वळीव पडून कोवळी पालवी फुटली की अळी येते. रात्री झाडाखाली उभं राहिलं तर लेंड्यांची टपटप ऐकू येते, आणि चालताना धाग्याला लोंबणाऱ्या अळ्या थेट तोंडावर! ऐन पावसात झाडं उघडीबोडकी. पुन्हा पानं येतात, तर पावसाळा सरताना दुसरी अळी त्यांची जाळी करते. काका म्हणतात, "झाड मरत नाय ना? मग औषध कशाला मारतोस?" मरत नाही हे खरं, पण बुंधे अजून पोटरीएवढेच आहेत.

उरलेल्या एकरावर यंदा लावायचंय. वाडीत सगळे महोगनीच्या मागे आहेत. मला पुन्हा एकच जात नको. ऐन, किंजळ, खैर, शिवण, बेहडा, कोकम आणि थोडा साग असं डोक्यात आहे. पण मिसळायचं कसं? एकाआड एक लावलं तर शिवण भराभर वाढून ऐनाला दाबेल ना? शिवण आणि साग एकाच कुळातले, मग सागाची अळी तिच्यावर जाणार नाही का? शिवाय शेजारी खैराची अख्खी ओळ एकामागोमाग वाळली, बुंध्याशी चकचकीत तपकिरी अळंबी होती. त्यामुळे खैर लावायची धास्तीच वाटते.

रानभूल: आधी कडू घोट. मिश्र लागवडीने सागावरची अळी थांबेलच असं नाही. तिचे पतंग थव्याने लांबून येतात, नैसर्गिक जंगलातला सागही सोडत नाहीत. निर्गुडी आणि खाडीतली तिवरंही खातात. शिवणीचा मुख्य शत्रू मात्र वेगळा, पानं खाणारा भुंगेरा. फायदा इतकाच की एका झटक्यात सगळं रान उघडं पडत नाही.

काकांना सांगा, केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या सागात तुलना केली होती. अळीपासून न राखलेल्या झाडांत लाकडाची जेवढी वाढ व्हायला हवी होती त्यातली ४४ टक्के बुडाली. जाळीवाल्या अळीने फारसं बिघडलं नाही, तिच्यावर पैसे घालवू नका.

खैरात मात्र मिसळणं खरंच कामाचं. ती बुरशी मुळाला मूळ लागून पसरते. दोन खैरांमध्ये दुसऱ्या जातीची दोन-तीन झाडं ठेवा, आणि जुनी रोगट खुंटं मुळासकट काढा. महोगनीलाही शेंडा पोखरणारी अळी आहेच, शेंडा मेला की झाड फाटे फोडतं.

काजूकाका: पुंजके करा. एकाच वेगाने वाढणारी नऊ-दहा झाडं एकत्र, म्हणजे कुणी कुणाला दाबत नाही. कोकम सावली सोसतं, ते मागाहून मध्ये घाला. आणि रोपं विकत घेण्याआधी एक पावसाळा गुरं आणि वणवा अडवून बघा. ऐन-किंजळाचे जुने खुंट जमिनीत असतील तर आपणहून फुटतील. नर्सरीवाला हे सांगणार नाही!

धागाकर्ता: आभार दोघांचे. खुंट आहेत, दर मार्चला कुणीतरी गवत पेटवतं म्हणून ते वर येत नाहीत. एकरभर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला कडेने गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, किती रुंद ठेवू?