जठराचा कॅन्सर: केमोआधी चार प्रथिनं सगळ्यांचीच तपासायची का?

अश्विनी:
मी पॅथॉलॉजीत आहे. बायोप्सीत जठराचा कॅन्सर निघाला की केमोआधी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ यांचं स्टेनिंग, म्हणजे अँटिबॉडी लावून प्रथिन रंगवून बघणं, झालंच पाहिजे. ही प्रथिनं डीएनएतल्या चुका दुरुस्त करतात. ‘मॅजिक’ ट्रायलमध्ये (२००६) शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर केमो घेतलेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षं जगले, नुसत्या शस्त्रक्रियेनंतर २३ टक्के. मात्र त्याच रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने तपासून २०१७ मध्ये जे छापलं गेलं, ते वेगळंच होतं. गाठीत यातलं प्रथिन नसल्याने दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्यांमध्ये नुसती शस्त्रक्रिया झालेले जास्त जगले. या लोकांना आपण उलट्या, अशक्तपणा कशासाठी सोसायला लावतोय?

मिलिंद:
तपासणीला माझी ना नाही. तिच्या भरवशावर केमो नाकारायला आहे. असे रुग्ण त्यात मोजकेच होते आणि विश्लेषण मागाहून झालेलं. शिवाय औषधं एपिरुबिसिन, सिस्प्लॅटिन, फ्लुरोयुरासिल. आज ‘फ्लॉट’ ही अनेक औषधांची केमो देतात, त्यात डोसिटॅक्सेल आहे. जुन्या औषधांचा निष्कर्ष नव्यांना कसा लावायचा?

आणि ईआरसीसी१ विसरू नका. सिस्प्लॅटिनने केलेली डीएनएची मोडतोड हे प्रथिन भरून काढतं, म्हणजे ते जास्त असेल तर औषध चालणार नाही. तर्क इतका सरळ, की शंका घ्यावीशीच वाटत नव्हती. पुढे २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात दिसलं, की या प्रथिनाची चार रूपं आहेत, कामाचं एकच, आणि तपासलेल्या १६ अँटिबॉडींपैकी एकीलाही ते वेगळं ओळखता येत नव्हतं. म्हणजे स्टेन बघून औषध ठरवण्याचा तो तर्क टिकला नाही.

अश्विनी:
ईआरसीसी१ मध्ये ‘किती’ हे मोजायचं होतं. इथे प्रथिन आहे की गेलंय, एवढंच बघायचं. त्याच स्लाइडवरच्या निरोगी पेशी रंगलेल्या असतात, त्यामुळे स्टेन फसला तर लगेच कळतं. आणि केमो नाही म्हणजे उपचारच नाहीत, असंही नाही. एका अभ्यासात दुरुस्ती बिघडलेल्या अशाच ३२ रुग्णांना आधी नुसती इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) दिली. २९ जणांची शस्त्रक्रिया झाली, त्यातल्या १७ जणांत कॅन्सरची जिवंत पेशी उरली नव्हती!

रेवती:
बायोप्सी घेणाऱ्यांनाही कुणीतरी सांगा. जठराच्या गाठीत एचईआर२ हे प्रथिन बऱ्याचदा काही भागात असतं, काही भागात नसतं. एक-दोन तुकड्यांवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं, तर त्याच प्रथिनावर काम करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा लाभ होऊ शकणारा रुग्ण त्याला मुकतो. पाच-सहा तुकडे तरी घ्या.

मिलिंद:
रेवतीताईंशी सहमत. अश्विनी, १७ चा आकडा मलाही आशा देतो. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. स्टेन सगळ्यांचे करा, रिपोर्ट केमोआधी हातात द्या. गाठ वाढलेली असेल आणि इम्युनोथेरपी मिळण्यासारखी नसेल, तर त्या रिपोर्टवर बोट ठेवून मी तरी ‘फ्लॉट’ थांबवणार नाही.